मुनीम, बूटवाला आणि कोरम: कंपनी कायद्याच्या अभ्यासाविषयी तुमचे प्रश्न

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी भाडेकरू आणि वाटण्या असतात. या दिवसांत 'कॉर्पोरेट लॉ'. वकिली करता करता आठवड्यातून दोन दिवस मी हा विषय शिकवते, त्यामुळे उत्तरांत थोडी मास्तरकी डोकावली तर चालवून घ्या.

मी लातूरला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. कंपनी कायद्यातच काम करायचं आहे. तीन वर्षांचं एलएलबी करू की सीएस? दोन्ही एकदम केलं तर वेळ वाचेल का?

आधी दोघांचा दिवस कसा जातो ते पाहा. कंपनी सेक्रेटरीचा, म्हणजे सीएसचा, दिवस कंपनीच्या आत जातो: संचालकांच्या बैठकीची नोटीस, अजेंडा, इतिवृत्त, भागधारकांचं रजिस्टर, कंपनी निबंधकाकडे वेळेवर जाणारे फॉर्म. ज्या कंपनीचं भरणा झालेलं भांडवल 10 कोटी किंवा त्याहून जास्त, तिला पूर्णवेळ सेक्रेटरी ठेवावाच लागतो, आणि शेअर बाजारात नोंद असलेल्या प्रत्येक कंपनीलाही. त्यामुळे नोकरीला पाया आहे. वकिलाचा दिवस भांडण झाल्यावर सुरू होतो, किंवा भांडण होऊ नये म्हणून करार लिहिताना.

कंपनीचा वाद लढवायचा तर वकीलच हवा, असं बहुतेकांना वाटतं. कंपनी कायदा 2013 चं कलम 432 वाचा. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे, म्हणजे एनसीएलटीपुढे, पक्षकाराच्या वतीने सीए, सीएस आणि कॉस्ट अकाउंटंटही उभे राहू शकतात. उच्च न्यायालयात मात्र वकिलीची सनद लागते.

दोन्ही एकदम करण्याबद्दल थोडं जपून. वकिलीचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या 2008 च्या कायदेशिक्षण नियमांत एलएलबीसोबत दुसऱ्या अभ्यासक्रमाला नाव घालायला मनाई आहे, आणि तिथली शब्दरचना बरीच ऐसपैस आहे. मुलं सर्रास दोन्ही करतात हे मला माहीत आहे. तरी प्रवेश घेताना कॉलेजला लेखी विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. माझा सल्ला विचाराल तर बीकॉम सुरू असतानाच सीएसच्या पहिल्या पायऱ्या चढून घ्या. त्या चढताना दम लागला, तर एलएलबीचा निर्णय आपोआप होईल.

मुलीला बारावीला 84 टक्के आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठात घालायचं तर कर्ज काढावं लागेल. साध्या कॉलेजातून कॉर्पोरेटमध्ये कुणी घेत नाही असं ऐकतो. – एक पालक, इचलकरंजी

ऐकलंय ते अर्धं खरं आहे. मोठ्या लॉ फर्म भरतीला मोजक्या कॅम्पसवर जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 'राष्ट्रीय' हा शब्द पाटीवर असला म्हणजे सगळ्या पाट्या सारख्या होत नाहीत. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. तिन्ही 2014 च्या एकाच कायद्यातून झाली, म्हणजे देशातल्या जुन्या विद्यापीठांपुढे वयाने लहान. तिथला प्रवेश क्लॅट या देशपातळीवरच्या परीक्षेवर, आणि क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. राज्याची सीईटी वेगळी, तीही द्यायला लावा. 1855 पासूनचं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय आणि 1924 पासूनचं पुण्याचं आयएलएस यांना 'साधं कॉलेज' म्हणायची हिंमत मी तरी करणार नाही.

कर्जाचा हिशेब करताना 'सरासरी पॅकेज' बघू नका. दोघांना मिळालेल्या गलेलठ्ठ पगाराने ती सरासरी फुगते. कॉलेजला विचारा, पगारांच्या क्रमात मधोमध असलेल्या मुलाला काय मिळालं आणि किती जणांना काहीच मिळालं नाही. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा.

मुलीला स्वतःला काय हवंय, ते पत्रात कुठे दिसलं नाही.

माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झालं. कायद्याचं पुस्तक उघडलं की एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. काही विद्यापीठांत पेपर मराठीतून लिहिता येतो म्हणतात. लिहू का? – विद्यार्थिनी, बीड

तुमच्या विद्यापीठाचा नियम पाहून हवं तर लिहा. पण कंपनी कायद्यात राहायचं असेल तर इंग्रजीशी गाठ आहेच: एनसीएलटीच्या नियमांप्रमाणे तिथले अर्ज इंग्रजीत, किंवा सोबत इंग्रजी भाषांतर जोडून, करावे लागतात, उच्च न्यायालयाचं कामकाजही इंग्रजीत चालतं.

अर्ध्या पानाच्या वाक्याला मात्र घाबरू नका. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलंही ते पहिल्यांदा वाचतात तेव्हा काही कळत नाही. फक्त ती तसं तोंडावर दाखवत नाहीत. कायद्याचं इंग्रजी कुणाच्याच घरी बोलत नाहीत.

मी वर्गात काय करते ते सांगते. करार कायदा 1872, कलम 27. मराठीत मांडलं तर: कोणालाही कायदेशीर धंदा, व्यापार किंवा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. आता 'तेवढ्यापुरता' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची. समजा, बीडमधल्या एका क्लासने शिक्षकाकडून लिहून घेतलं: नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच शहरात शिकवायचं नाही, आणि क्लासच्या छापील नोट्स परत करायच्या. शिक्षकाने क्लास सोडला, समोरच्या गल्लीत स्वतःचा उघडला. पहिली अट गेली. पण नोट्स? त्या परत कराव्याच लागतील, कारण करार 'तेवढ्यापुरता' गेला, सगळा नाही. मग खाली अपवाद वाचायचा: धंद्याचं गुडविल, म्हणजे नावलौकिक, विकणाऱ्यावर मात्र वाजवी बंधन घालता येतं. म्हणजे क्लासच्या मालकाने क्लास नावासकट दुसऱ्याला विकला आणि समोर नवा काढला, तर त्याला अडवता येईल.

तीन ओळींचं कलम, आणि त्यावर आमचा अख्खा तास जातो. आपल्याकडे नोकरीच्या करारांत ही अट आजही बिनदिक्कत छापलेली असते, आणि सही करणारे घाबरून राहतात.

रोज एक कलम असं फोडा. 'शॅल' म्हणजे करावंच लागेल, 'मे' म्हणजे सहसा करता येईल. 'प्रोव्हायडेड दॅट' दिसलं की थांबा: ते परंतुक, म्हणजे नियमाला जोडलेली अट असते, आणि परीक्षेतला प्रश्न बहुधा तिथेच दबा धरून बसलेला असतो. फोडलेलं मराठीत लिहा. विचार मराठीत पक्का झाला की इंग्रजी त्याच्या मागून येतं, उलटं होताना मी फार कमी पाहिलंय.

पहिल्या वर्षाला खटल्यांची नावं आणि सालं पाठ करायला लावतात. शंभरेक झाली. परीक्षा संपली की सगळं साफ. याचा पुढे उपयोग काय? – नाशिक

नावं पाठ करून काही नाही. गोष्ट पाठ करा.

'लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त, 1913, अलाहाबाद' ही ओळ विसरणारच. पण हे विसरून दाखवा: कानपूरच्या एका घरातून मालकाचा पुतण्या पळाला. मालकाने आपल्या मुनिमाला, लालमनला, रेल्वेचं भाडं देऊन हरिद्वारकडे शोधायला धाडलं. तो गेल्यावर मालकाने पत्रकं काढली: मुलगा शोधून देणाऱ्याला 501 रुपये. मुनिमाला मुलगा ऋषीकेशला सापडला. मालकाने दोन सोन्याची नाणी आणि वर वीस रुपये दिले, मुनीम खूश. पुढे काही महिन्यांनी त्याला नोकरीवरून काढलं, आणि मग त्याला बक्षिसाची आठवण झाली! कोर्ट म्हणालं, शोध घेताना तुला बक्षिसाचा पत्ताच नव्हता; जो प्रस्ताव माहीत नाही तो स्वीकारणार कसा? शिवाय शोधणं ही तुझी नोकरीच होती.

आता प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला हे तिन्ही शब्द या मुनिमाच्या खुंटीवर टांगा. पडणार नाहीत.

तसाच लंडनचा बूटवाला, सालोमन. चांगला चाललेला चामड्याचा धंदा त्याने स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. 20,007 भागांपैकी 20,001 त्याचे. बायको आणि पाच मुलं यांचा प्रत्येकी एक, कारण कायद्याला सात माणसं हवी होती. विक्रीच्या किमतीपैकी 10,000 पौंड कंपनीने त्याला तारणी कर्जरोख्यांत दिले. धंदा बुडाला. उधारीवर माल देणारे म्हणाले, कंपनी कसली, हा एकटा सालोमनच तर आहे, कर्ज त्याच्याकडून वसूल करा. खालच्या दोन्ही कोर्टांना ते पटलं. हाऊस ऑफ लॉर्ड्सला, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाला, पटलं नाही: कंपनी कागदावर रीतसर जन्मली ना, मग ती आणि सालोमन या दोन वेगळ्या व्यक्ती. तारण असलेला सालोमन रांगेत पुढे, बिनतारणाचे व्यापारी मागे.

वर्गात हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, 'मॅडम, ही तर लबाडी झाली.' झाली का? कायद्याने सात नावं मागितली, त्याने दिली. व्यापाऱ्यांनी तारण मागितलं नाही. या प्रश्नावर वर्ग भांडायला लागला की मी खडू खाली ठेवते. 'कंपनीचा पडदा कधी उचलायचा', म्हणजे कंपनीमागच्या माणसाला कधी जबाबदार धरायचं, हे पुढच्या वर्षी शिकाल, ते याच भांडणाचं पुढचं पान आहे.

आणि एक निकाल मुळातून वाचा, गाइडमधून नको. टाटा सन्स आणि सायरस मिस्त्री यांच्या वादातला 26 मार्च 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लांबलचक आहे, पण शेजारी कंपनी कायद्याची, भागधारकांवरच्या अन्यायाच्या तक्रारींची, कलम 241 आणि 242 उघडून ठेवलीत तर महिनाभरात संपेल. 18 टक्क्यांच्या वर भाग असलेला मिस्त्रींचा गटही अल्पसंख्य कसा ठरतो आणि त्याला कायदा कुठवर साथ देतो, ते एका बैठकीत नाही कळत.

वय 41, पिंपरीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. संध्याकाळी एलएलबी करून नोकरीसोबत वकिली जमेल का?

एलएलबी कदाचित, वकिली नाही. बार कौन्सिलचा नियम 49 सांगतो की पूर्णवेळ पगारी नोकर असेपर्यंत वकिली करता येत नाही. कारखान्याच्या विधी विभागात बदली मागून घेतलीत तर पदवीचा उपयोग होईल, कोर्टात उभं राहता येणार नाही. प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लागते आणि निवासी नसलेल्या कॉलेजात तास सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळात घ्यावे लागतात, तेव्हा शिफ्टचं बघा. 'हजेरीचं आम्ही सांभाळून घेऊ' म्हणणाऱ्या कॉलेजपासून लांब राहा. वयाची काळजी सोडा. वीस वर्षं ताळेबंद पाहिलेला माणूस दिवाळखोरी संहिता तरण्या पोरांआधी समजतो.

एलएलबीनंतर लगेच कॉर्पोरेटमध्ये एलएलएम करावं का?

शिकवायचं असेल तर हो. नसेल तर दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली मसुदे लिहा, मग ठरवा.

मी सांगोला तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब लिहिते. बीए झाले आहे. कॉर्पोरेट लॉ शिकायचं म्हणजे मुंबईलाच जायचं का? इथे त्याचा काय उपयोग?

तुम्ही रोज जिथे बसता तीच कंपनी कायद्याची प्रयोगशाळा आहे. शेतकरी उत्पादक कंपनीसाठी 2013 च्या कायद्यात वेगळं प्रकरण आहे, कलम 378-ए पासून पुढे. किमान दहा उत्पादक, पाच ते पंधरा संचालक, आणि वैयक्तिक सभासदाला एकच मत, त्याचे भाग कितीही असोत. बांधा कंपनीचा, जीव सहकाराचा.

तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की 640 सभासद आहेत, वार्षिक सभेला चाळीसेक येतात, आणि नंतर रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतात. नियमावलीत जास्त आकडा नसेल, तर कायद्याने गणपूर्ती (कोरम) एक चतुर्थांश सभासदांची. म्हणजे 160. चाळीस जणांच्या सभेत मंजूर झालेले हिशेब आणि निवडलेले संचालक उद्या कुणीही आव्हानात आणू शकतो, आणि घरी घेतलेली सही ही सभेतली हजेरी नव्हे. ते रजिस्टर तुमच्या हातून फिरत असेल तर आजपासून नाही म्हणा. सभा डाळिंबाच्या तोडणीच्या दिवसांत ठेवू नका, हे सुचवायलाही कायद्याची पदवी लागत नाही.

एलएलबी सोलापूरला राहून करता येईल. तोवर कंपनीच्या मेमोरँडम (उद्देशपत्र) आणि आर्टिकल्सची (नियमावली) प्रत मिळवा, आणि गणपूर्ती, नोटीस, तहकूब सभा ही तीन कलमं शोधून मराठीत लिहून काढा. प्रत एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून पाहता येते. अध्यक्षांच्या कपाटाची किल्ली सापडायची वाट पाहत बसू नका.