गुडघा बदलल्यानंतर वॉकर सुटत नाही, भीती कशी घालवावी?

आईंच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया होऊन सात आठवडे झाले, एक्स-रे चांगला आहे, दुखणेही आटोक्यात आहे, तरी त्या वॉकर सोडायला घाबरतात, असे आपण लिहिले आहे. माझा उजवा गुडघा ६६व्या वर्षी बदलला आणि नवव्या आठवड्यापर्यंत मीही वॉकरला धरूनच होते, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

ही भीती मनाचा दुबळेपणा आहे असे कृपया समजू नका. शस्त्रक्रियेनंतर सांध्यात सूज असेपर्यंत मांडीचा पुढचा स्नायू पुरेसा आवळलाच जात नाही, त्यामुळे भार टाकताच गुडघा दुमडेल असे वाटते, आणि त्या वाटण्यात तथ्य असते. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने माझ्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायला सांगितली. मी दातओठ खाऊन जोर लावला, पण गुडघ्याची वाटी जागची हलली नाही. तो स्नायू जागा होईपर्यंत "घाबरू नकोस" असे कितीही सांगितले तरी उपयोग होत नाही.

घरी येणारा प्रत्येक जण गुडघा किती वाकतो एवढेच विचारतो. सपाट जमिनीवर चालायला साधारण ६५ अंश वाकणे पुरते; खरी अडचण होते ती गुडघा पूर्ण सरळ न झाल्यास, कारण वाकलेल्या गुडघ्यावर उभे राहताना मांडी लवकर थकते आणि माणूस लंगडतो. आमच्या सूनबाईंनी मायेने माझ्या गुडघ्याखाली उशी ठेवली होती. आराम वाटत होता, पण गुडघा त्याच स्थितीत आखडू लागला होता. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने सरळ होत जातो.

माझा भरवसा परत आला तो मात्र वजनकाट्यामुळे. पूर्ण भार टाकण्यास शल्यविशारदांनी परवानगी दिलेली होती. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून शस्त्रक्रियेचा पाय काट्यावर आणि दुसरा तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवून मी उभी राहिले. दोन्ही पायांवर सारखा भार आहे अशी माझी खात्री होती. माझे वजन ७२ किलो आणि काटा दाखवत होता २१! रोज सकाळ-संध्याकाळ तो आकडा ३६च्या जवळ नेण्याचा सराव केला, आणि तीन आठवड्यांत ओट्यावरचे हात आपोआप हलके झाले. आईंजवळ कोणीतरी उभे राहून हे करून पाहावे, अर्थात त्यांच्या फिजिओथेरपिस्टला विचारूनच.

वॉकरनंतर काठी घ्यावी आणि ती डाव्या हातात, म्हणजे चांगल्या पायाच्या बाजूला धरावी. आमच्या घरी यावरून बराच वाद झाला होता. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. व्यायामापूर्वी अर्धा-पाऊण तास डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घेतल्यास आणि नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे ठेवल्यास दुसऱ्या दिवशीचा कंटाळा कमी होतो. घरातली पायपुसणी तेवढी उचलून ठेवा. माझा तोल एकदाच गेला, तो त्यांच्यामुळे.

थोडी सूज, स्पर्शाला उष्णपणा, टकटक आवाज आणि व्रणाच्या बाहेरच्या बाजूची बधिरता काही महिने राहू शकते. परंतु पोटरी दुखून सुजली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर लगेच डॉक्टरांना गाठावे.

काठीवर नीट चालू लागल्या तरी वॉकर लगेच परत करू नका. माझा आणखी महिनाभर पलंगापाशीच होता, रात्री बाथरूमला जाण्यापुरता.