औषधं चालू आहेत, तरी आतडं अरुंद कसं?

हर्णै बंदरात मासळीचा धंदा करणारे एक दादा पत्नीबरोबर आले होते (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणणारं जुनाट दुखणं, त्यात मोठं आतडं एका जागी अरुंद झालेलं. दादा खाली बघत बसलेले. ताईंनीच विचारलं, "एक गोळी चुकवली नाही. तरी जेवल्यावर पोट तट्ट फुगतं. औषध लागू पडत नाही, की कॅन्सर आहे आणि आमच्यापासून लपवताय?"

ही भीती माझ्याकडे फार जण घेऊन येतात.

आतडं दोन कारणांनी अरुंद होतं. एक सूज, ती औषधाने उतरते. दुसरं, सूज येऊन-भरून वर्षानुवर्षं भिंतीत साचलेले घट्ट तंतू. भाजल्याचा जुना व्रण मलमाने जात नाही, तसे हे तंतू गोळ्यांनी विरघळत नाहीत. बहुतेकांत दोन्ही असतं. किती सूज, किती व्रण, हे ठरवायला एमआरआय, शौचातली कॅलप्रोटेक्टिन (सूज दाखवणारं प्रथिन) तपासणी आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, लागते. मोठ्या आतड्यातल्या अरुंद जागेचा तुकडा तपासावाच लागतो. कॅन्सर नाही ना हे बघायचं असतं, आणि आपल्याकडे आतड्याचा टीबी हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. टीबी असताना नुसती स्टिरॉइड दिली तर तो उफाळतो.

ताईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून रिपोर्ट काढला. इंग्रजी ओळींवर बोट ठेवत मी मराठीत सांगितलं : तुकड्यात कॅन्सर दिसला नाही, टीबीही नाही. दादांनी तेव्हा मान वर केली. "मग फुगा घालतात तो?"

अरुंद भाग आखूड, साधारण ५ सेंटिमीटरपर्यंतचा, आणि सरळ असेल, जवळ गळू किंवा नळीसारखी वाट नसेल, तर दुर्बिणीतून फुगा फुगवून वाट मोठी करता येते. आतडं फाटण्याचा थोडा धोका असतो, पुन्हाही करावं लागू शकतं. नाही जमलं तर शस्त्रक्रिया. त्यात पोटावर पिशवी प्रत्येकाला लागत नाही, लागली तरी अनेकदा तात्पुरती असते. आणि गोळ्या? त्या पुढची सूज रोखतात; मनाने बंद करू नका.

मला जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. लिलावात कळ येऊ नये म्हणून दादा दुपारपर्यंत उपाशी राहत होते, आणि सासूबाई 'पोट साफ होईल' म्हणून एरंडेल पाजत होत्या. अरुंद आतड्यात जुलाबाचं औषध घातक ठरू शकतं. उपास नको, थोडं थोडं खा : मऊ भात, कुळथाची पातळ पिठी, काटे काढलेला मासा. फणस, शेवग्याच्या शेंगा, ओले काजूगर सध्या नकोत. विडी सोडा, क्रोन्स तिने बळावतो. अंगदुखीची गोळीही विचारल्याशिवाय नको.

पोट फुगून उलट्या होत असतील, वारा सरत नसेल, तर मात्र सकाळची वाट बघू नका. रात्रीच गाडी काढा. तो नियम ताईंनी फाईलवर स्वतःच्या हाताने लिहून घेतला. फुगा घालण्याची तारीखही दादांनी त्याच दिवशी घेतली.