रस्त्यावरचा कॅमेरा आणि घराचा उंबरठा

प्रश्न : पणजीच्या फोंतेन्हास भागात आमचे वडिलोपार्जित घर असून त्याच्या पायऱ्या थेट गल्लीत उतरतात. सकाळपासून पर्यटक भिंतीपुढे उभे राहून छायाचित्रे काढतात, प्री-वेडिंग शूटसाठी आलेली जोडपी पायऱ्यांवर ठाण मांडतात आणि खिडकी उघडी दिसली की मोबाइल सरळ आत वळतो. माझ्या वृद्ध सासूबाई घरच्या कपड्यांत खिडकीशी बसलेल्या असताना कोणी तरी केलेली रील समाजमाध्यमावर फिरली. फलक लावूनही उपयोग नाही. ‘रस्ता सार्वजनिक आहे’ असे सुनावले जाते. कायदा आमच्या बाजूने आहे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : आपल्याला मिळणारे उत्तर अर्धेच खरे आहे. रस्त्यावरून दिसणाऱ्या घराच्या दर्शनी भागाचे नुसते छायाचित्र काढण्यास सर्वसाधारण बंदी नाही, आणि स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 52 मध्येही वास्तूच्या छायाचित्राला मुभा आहे. म्हणून भिंतीचा फोटो काढणाऱ्याला फलकाच्या जोरावर अडवता येणार नाही.

घरात राहणाऱ्या माणसांची गोष्ट मात्र वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले, आणि माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्यानेच त्याचा खासगीपणा संपत नाही, असेही त्या निकालपत्रात नमूद आहे. मग स्वतःच्या खिडकीशी बसलेल्या वृद्धेचा तो कसा संपेल? अर्थात मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध मागायचा असल्याने, खासगी व्यक्तीने वारंवार त्रास दिल्यास दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवण्याचा मार्ग धरावा लागतो. येणारा प्रत्येक पर्यटक नवा असतो, त्यामुळे हा मार्ग आपल्याला फारसा उपयोगी नाही, आणि त्याचा सगळा भार रहिवाशांवर पडावा हे मला अन्यायाचे वाटते.

पायऱ्या आपल्या मालकीच्या असतील, तर तेथे आपली बाजू भक्कम आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 नुसार, त्रास देण्याच्या किंवा अपमान करण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत शिरणे अथवा तेथे थांबून राहणे हा फौजदारी अतिक्रमणाचा गुन्हा आहे. आपला फलक येथे कामाला येतो : ‘ही जागा खासगी आहे, पायऱ्यांवर बसू नये’ असे स्पष्ट लिहिलेले असताना आणि तोंडी सांगूनही माणूस उठला नाही, तर आपल्याला ठाऊकच नव्हते असे त्याला म्हणता येत नाही. त्याआधी नगर भूमापनाच्या नकाशावर पायऱ्या आपल्या हद्दीत असल्याची खात्री मात्र करून घ्यावी. जुन्या वस्त्यांत त्या कधी कधी रस्त्याच्या जागेत निघतात.

खिडकीतून कपडे बदलणाऱ्या किंवा स्नान करणाऱ्या स्त्रीचे चित्रण झाले, तर संहितेचे कलम 77 लागते आणि पहिल्या गुन्ह्यालाही किमान एक वर्षाची कैद आहे. सासूबाईंच्या रीलला ते लागू होणार नाही. तिच्यासाठी दुव्याची नोंद व स्क्रीनशॉट जपून ठेवून त्या समाजमाध्यमाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. इतरांच्या खासगीपणावर अतिक्रमण करणारा मजकूर 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत निषिद्ध मानलेला आहे, तेव्हा तक्रारीत नेमके तेच शब्द वापरावेत.

कोणी हुज्जत घालू लागल्यास 112 वर पोलिसांना बोलवावे. समोरच्याचा मोबाइल हिसकावणे किंवा त्यातील चित्रफीत जबरदस्तीने पुसायला लावणे कटाक्षाने टाळावे, कारण त्यातून उलट आपल्याविरुद्धच गुन्हा नोंदवला जाऊ शकतो.