हिमनदी फुटते का?

नाशिकरोडच्या एका भूगोलाच्या सरांनी विचारलंय: "आइसलँडमधल्या पुराची बातमी वर्गात वाचली. 'हिमनदी फुटली' असं छापलं होतं. एका मुलीनं विचारलं, 'सर, नदी फुटते का?' मला उत्तर सुचलं नाही. तिकडे या प्रकाराला 'योकुलह्लाउप' म्हणतात. मराठीत काय म्हणावं?"

सर, मुलीचा कान तयार आहे. बांध फुटतो, तळं फुटतं, धरण फुटतं, घाम फुटतो, पान्हाही फुटतो. आत साठलेलं बाहेर आलं की आपण 'फुटलं' म्हणतो. नदीला फार तर फाटा फुटतो. मग फुटतं काय, ते तिथल्या घटनेतच बघू.

व्हात्नायोकुल हा आइसलँडमधला बर्फाचा अवाढव्य थर. त्याच्या पोटात ज्वालामुखी आहेत. ३० सप्टेंबर १९९६ ला तिथे बर्फाखालीच उद्रेक सुरू झाला. वितळलेलं पाणी ग्रिम्सव्होत्न नावाच्या, बर्फाचं झाकण असलेल्या तळ्यात पाच आठवडे साठत गेलं आणि ५ नोव्हेंबरला बर्फाच्या बुडाखालून वाट काढत एकदम बाहेर आलं. ऐन भरात सेकंदाला सुमारे ५०,००० घनमीटर! आपल्या ओळखीच्या मापात सांगायचं तर साडेसतरा लाख क्युसेक. गंगापूर धरणातून काही हजार सोडले तरी आपली गोदाघाटावर दुकानं हलवायची धावपळ होते. तिथले पूल गेले, घराएवढे हिमखंड वाळूत येऊन पडले. माणूस मात्र एकही दगावला नाही, कारण शास्त्रज्ञ डोळ्यांत तेल घालून बसले होते. आजही तिथल्या नद्यांच्या पाण्याची विद्युतवाहकता सतत मोजतात. ज्वालामुखीजवळचं क्षारयुक्त पाणी नदीत मिसळू लागलं की आकडा चढतो आणि धोका कळतो.

म्हणजे सुटलं ते तळ्यातलं पाणी. त्यात 'हिमनदी' हा शब्दही इथे नीट बसत नाही, कारण व्हात्नायोकुल चहूबाजूंनी पसरलेलं बर्फाचं पठार आहे. त्याच्या कडांवरून खाली उतरतात त्या हिमनद्या. म्हणून 'योकुल'साठी मला 'हिमानी' आवडतो. अमरकोशात 'हिमानी हिमसंहतिः', म्हणजे हिमानी ही बर्फाची रास, असं आहे, आणि व्याकरणकारांच्या मते त्यातला 'आनी' मोठेपणा दाखवतो: अरण्य मोठं झालं की अरण्यानी, हिम मोठं झालं की हिमानी. त्यात नदी कुठेच नाही. इतका नेमका शब्द घरात असताना आपण तो मुलींच्या नावापुरता ठेवलाय.

उरला 'ह्लाउप'. त्याचा मूळ अर्थ धाव. 'पूर' म्हणू नये असं माझं मत. पूर चढतो आणि ओसरतो. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण विचारतो, पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. पुराला अशा पायऱ्या असतात, माणसाला सामान उचलायला थोडा तरी वेळ मिळतो. लोंढा मात्र येतो तोच अंगावर. म्हणून 'हिमानीचा लोंढा'. 'हिमलोंढा' असा जोड करू नका, ऐकणाऱ्याला बर्फच वाहत आला असं वाटेल. त्यासाठी 'हिमस्खलन' आहेच.

आपल्याकडच्या बातम्यांनाही ही चाळणी लावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमला दक्षिण ल्होनाक सरोवराचा काठ तुटला, चुंगथांगचं धरण वाहून गेलं. तिथे 'हिमतळं फुटलं' अगदी बरोबर. फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत मात्र खडकासकट बर्फाचा कडा डोंगरावरून सुटला होता, तळं फुटलं नव्हतं. 'हिमकडा कोसळला' असं लिहिणाऱ्यांनी तिथे बाजी मारली.

आणि हो, 'योकुल' य नेच लिहा. इंग्रजी अक्षरं बघून काहीजण 'जोकुल' लिहितात.