कोल्हापुरात रोजच्याला इलेक्ट्रिक मोटारसायकल चालती का? चालवून बघितलेल्याचं उत्तर

भावा, तुझा प्रश्न असा की फुलेवाडीतनं गोकुळ शिरगाव एमआयडीसीला रोज जाऊनयेऊन ३०-३२ किलोमीटर, महिन्यातनं दोनदा गारगोटीला गावी, घरात एकच पेट्रोल गाडी, ती काढून इलेक्ट्रिक मोटारसायकल घेऊ का. सगळे तुला रेंज रेंज करालेत. मी म्हणतो रेंजचं नंतर बघू, आधी सांग रात्री गाडी लावतोस कुठं?

हे विचारायचं कारण म्हणजे मी स्वतः त्यातच गंडलो. मंगळवार पेठेत जुनं घर, गाडी खाली बोळात आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बॅटरी काढता येती म्हणून शोरूमवाल्यानं गोडवे गायले, पण ती असती १९-२० किलोची, आणि दिवसभर ड्युटी करून आल्यावर अरुंद जिन्यातनं तो डबा वर न्यायचा, सकाळी परत खाली, तालमीतली पोरं करतील, माझी कंबर आठवड्यात बोलाय लागली. मग गॅलरीतनं एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडला, तर महिन्याभरात पिन काळी पडली आणि प्लॅस्टिकचा वास सुटला. चार-पाच तास सलग लोड असतोय त्यावर, मोबाईल चार्जर नव्हे तो. शेवटी वायरमन बोलावून मीटरपासनं वेगळी वायर, एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपियरचा सॉकेट खाली बसवून घेतला. तेव्हा कळलं की घराला अर्थिंग नुसतं नावाला होतं, ते नवीन करून घेतलं. तुझं स्वतःचं अंगण असलं तर हा ताप नाही, पण अर्थिंग मात्र तपासून घेच.

आता रेंज. ब्रोशरवर असती ती टेस्टची रेंज, रोलरवर कमी स्पीडला काढलेली. माझी बॅटरी साडेतीन युनिटची, कागदावर १४०, आणि मला गावात ९०-९५ मिळतंय, हायवेला ७५-८० च्या स्पीडनं धरलं तर ७०. पेट्रोल गाडीच्या बरोबर उलटा खेळ आहे हा. पेट्रोल गाडीला महाद्वार रोडच्या गर्दीत मायलेज मिळत नाही आणि हायवेला मिळतंय, हिला गर्दीत चांगलं मिळतंय कारण थांबल्यावर मोटार काही खात नाही आणि ब्रेक लावताना थोडं परत बॅटरीत जातंय. स्पीड वाढला की वारा अडवतोय, आणि वाऱ्याचा जोर स्पीडच्या वर्गानं वाढतोय, म्हणजे ४० चा ८० केला की चौपट. तुझ्या रोजच्या रस्त्यात उजळाईवाडीपासनं पुढं हायवे आहे, तिथं ६० च्या आत राहिलास तर दोन दिवसाला एक चार्जिंग आरामात.

घाटाची मात्र उगाच भीती घालतात लोक. पन्हाळ्याला चढून जायला साधारण ४०० मीटर उंची, गाडी आणि तू मिळून पावणेदोनशे किलो धर, हिशोब केला तर पाव युनिटच्या आसपास जास्तीचं जातंय. म्हणजे चढानं गाडी बंद पडत नाही, चढावर पिळून पळवली तर मात्र टक्के डोळ्यांदेखत उतरतात.

गारगोटीचं गणित वेगळं. ५० जायला, ५० यायला, एका चार्जमध्ये माझ्या गाडीनं नाही होत. गावात पोचल्यावर चार तास लावायची, जेवण झोप होईस्तोवर होती. पण तिकडं लाईट गेली की बसला तू. आणि वाटेत कारचं चार्जिंग स्टेशन दिसलं म्हणून खूश होऊ नको, बहुतेक कम्युटर मोटारसायकलींना ती गन बसतच नाही.

पैशाचं सांगतो. महिन्याला ७५० किलोमीटर धर. पेट्रोल गाडी ५० देत असली तर १५ लिटर, १०५ नं पावणेसोळाशे रुपये. माझ्या गाडीला चार्जरमधली गळती धरून ३४-३५ युनिट लागतात. इथं लोक फसतात ते युनिटच्या दरात. पहिल्या १०० युनिटांचा स्वस्त दर तुमचा टीव्ही फ्रीजच खाऊन टाकतोय, गाडीचे युनिट पडतात वरच्या स्लॅबला, म्हणून मी १३ रुपये धरतो, साडेचारशे झाले. महिन्याला अकराशे वाचले, ऑइल नाही ते वेगळं. तू दोन्ही गाड्यांत ४० हजाराचा फरक सांगतोयस, म्हणजे तीन वर्षांनी बरोबरीत. तुझ्या मित्राला स्वस्तात मिळालती कारण तेव्हा केंद्राची सबसिडी बॅटरीच्या किलोवॅट-अवरला, म्हणजे एका युनिटला, १५ हजार होती, १ जून २०२३ ला १० हजार झाली, पुढं पीएम ई-ड्राईव्ह या योजनेत ५ हजार आणि नंतर अडीच हजार. त्याच्या बिलाशी तुझं बिल लावत बसू नको.

आता खरं दुखणं. मागच्या जुलैत कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतनं मोटारीला वीज सोडणारा डबा, गेला. उद्यमनगरात माझा पंधरा वर्षांचा मिस्त्री आहे, इंजिन डोळे मिटून खोलतोय, पण यात त्यानं हात वर केले, ब्रेक बेअरिंग सस्पेन्शन सोडून त्याला काही करता येत नाही. कंपनीच्या सेंटरला टाकली, पार्ट वॉरंटीत फुकट मिळाला पण यायला १७ दिवस लागले. पावसात १७ दिवस रिक्षा आणि केएमटीची बस. घरात बायकोची मोपेड होती म्हणून निभावलं. तुझी ही एकच गाडी होणार, आणि तुला नाईट शिफ्ट पण आहे म्हणतोस. म्हणून माझं मत, जुनी पेट्रोल गाडी विकू नको. तिला गिऱ्हाईक देऊन देऊन देणार काय, वीस-बावीस हजार? राहू दे दारात, गारगोटीला तीच ने.

पावसाचं म्हणशील तर आपल्या धो धो पावसात तीन पावसाळे चालवली, काही झालं नाही. बॅटरीला आयपी ६७ हे धूळ-पाणी अडवायचं रेटिंग असलं म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकती. पण २०१९, २०२१ सारखं पंचगंगेचं पाणी आलं आणि गाडी रात्रभर बुडाली तर तो अर्धा तास संपलेला असतोय. पाणी ओसरल्यावर चालू करून बघायचा मोह टाळ, चार्जिंगला तर लावूच नको, सरळ टेम्पोत घालून सेंटरला.

स्कूटर का नको असं पण कुणीतरी विचारलंय. डिकी पाहिजे, दुधाचा कॅन डबा ठेवायचा असला तर स्कूटरच घे की. मी मोटारसायकल घेतली ती मोठ्या चाकासाठी, आपल्या खड्ड्यांत १२ इंची चाक आणि १७ इंची चाक यात पाठीला फरक कळतोय.

टेस्ट राईड घेताना शोरूमच्या मागं एक चक्कर मारून देतात, त्यावर जाऊ नको. मागं कुणालातरी बसवून पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळच्या चढावर ने, आणि निघताना किती टक्के होतं आणि परत आल्यावर किती राहिलं याचे फोटो काढून ठेव. नाही म्हणाले तर दुसरं शोरूम बघ.