ऑटोट्यून, म्हणजे गायकाचा सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर, असताना डान्स-पॉप गाण्याला चांगली गायिका लागतेच कशाला? आणि लॅपटॉपवर असं गाणं किती दिवसांत होतं?

लागते. इतर गाण्यांपेक्षा काकणभर जास्तच लागते, कारण बाकी सगळं मशीनवर असतं. दिवसांचं विचाराल तर आमच्या एका गाण्याचं संगीत ११ दिवसांत झालं आणि आवाजाला ४ महिने लागले.

आम्ही तिघं होतो. बीट आणि बेस माझा, मिक्सिंग माझ्या जोडीदाराचं, गायला आमची एक मैत्रीण. टेम्पो मिनिटाला १२४ ठोके. किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बेस एकाच जागेवरून भांडतात म्हणून साइडचेन लावलं, म्हणजे किक वाजली की बेस क्षणभर दबतो. सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचे थर चढवले, ड्रॉपच्या, म्हणजे बीट जोरात परत येते त्या जागेच्या, आधी सगळं काढून घेतलं. हे सगळे करतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कोरसचा शेवटचा शब्द होता ‘अजून’. ती तो किकच्या जरा मागून उचलायची. स्क्रीनवर मोजलं तर जेमतेम ३० मिलिसेकंद. १२४च्या टेम्पोला एक ठोका ४८४ मिलिसेकंदांचा असतो, त्यात ३० ते काय! पण कानाला लगेच कळायचं की हिला निघायचंय आणि हिचा पाय निघत नाहीये. त्या ‘अ’च्या आधी एक बारीक श्वासही होता. जोडीदाराने श्वास कापला, ‘अ’ ओढून बरोबर ग्रिडवर, म्हणजे स्क्रीनवरच्या ठोक्यांच्या रेषेवर, बसवला, ‘जू’वरची थरथर सपाट केली. मग हेच सगळ्या गाण्यात. मी म्हटलं, आवाज मेला रे. तो म्हणाला, डान्सचं गाणं आहे, गझल नाही. दोन आठवडे हाच वाद. प्रकाशनाची तारीख जाहीर झाली होती, मी दमले होते, शेवटी त्याचीच आवृत्ती गेली.

पहिल्या आठवड्यात लोकांनी बीटचं कौतुक केलं. आणि त्याखाली पुन्हा पुन्हा एकच प्रश्न: आवाज कुठल्या सॉफ्टवेअरचा आहे? तिचा रात्री फोन आला. रडत नव्हती, भांडतही नव्हती. एवढंच म्हणाली, “अगं, मी गायले होते ना?” ४ महिने रोज येऊन गायलेल्या मुलीला यावर काय सांगायचं? मला काहीच बोलता आलं नाही. त्यानंतर ती आमच्याबरोबर गायली नाही.

म्हणून ‘ऑटोट्यूनने भागतं’ हे वाक्य मला सहन होत नाही. लोक उदाहरण देतात ते अमेरिकन गायिका शेरच्या ‘बिलीव्ह’ या गाण्याचं. १९९८ साली ते आलं तेव्हा ऑटोट्यून बाजारात येऊन वर्षच झालं होतं. सूर हळूच जागेवर आणण्यासाठी बनवलेलं हे साधन. निर्मात्यांनी सूर सुधारायला त्याला लागणारा वेळ शून्यावर आणला, म्हणजे आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर सरकायचा थांबला आणि पायऱ्या उतरल्यासारखा उड्या मारू लागला. युक्ती इतकी नवी होती की सुरुवातीला मुलाखतीत त्यांनी हे व्होकोडरचं, म्हणजे आवाज यांत्रिक करणाऱ्या जुन्या उपकरणाचं, काम आहे असं सांगून ती लपवली. पण ती आहे मोजक्या जागी. कोरसला शेर भरल्या गळ्याने गाते, आणि तिथे तिची अनेक वर्षांची गायकी ऐकू येते. ती बावन्न वर्षांची असताना ते गाणं ब्रिटनमध्ये ७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, अमेरिकेतही पहिलं आलं आणि त्याला डान्स विभागाचं ग्रॅमी मिळालं.

त्याही मागे जा. १९७७चं अमेरिकन गायिका डॉना समरचं ‘आय फील लव्ह’ घ्या. म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी मूग सिंथेसायझरवर रचलेलं. बेसचा प्रत्येक स्वर डिलेने, म्हणजे लगेच मागून येणाऱ्या प्रतिध्वनीने, दुप्पट केलेला, सुईच्या टोकावर चालणारा. किक मात्र मशीनमधून मनासारखी निघेना, म्हणून ड्रमर कीथ फोर्सीने ती पायाने वाजवली. आणि या सगळ्यावर समरचा आवाज नुसता तरंगतो, ग्रिडला बांधलेला नाही. खालचं पक्कं आहे म्हणून वरचं मोकळं राहू शकतं. मी जोडीदाराला दोन आठवडे हेच सांगत होते. ‘आय फील लव्ह’ आधी रेकॉर्डवर एका संथ गाण्याच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, आणि पुढे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं.

ऑटोट्यूनशी माझं वैर नाही. आवाज मुद्दाम यांत्रिकच हवा असेल तर बेधडक वापरा, मीही वापरते. आणि आमचं गाणं फार चाललं नाही याला ४० सेकंदांचा इंट्रोही कारण होता. तो हट्ट माझा होता, जोडीदार कापायला सांगत होता.

पण तुम्ही करायला बसाल तेव्हा चांगला गळा शोधा. टेकवर टेक घ्या, श्वास कापू नका, न ओढलेली एक प्रत बाजूला ठेवा. दोन्ही प्रती गायिकेला समोर बसवून ऐकवा आणि मगच ठरवा. आम्ही ती शेवटची आवृत्ती बाहेर जाण्याआधी तिला ऐकवलीच नव्हती. जोडीदारानेही नाही, मीही नाही.