मानसशास्त्रातलं संशोधन प्रत्यक्ष उपचारात खरंच उपयोगी पडतं का?

एम.ए.ला वाचलेले शोधनिबंध आणि समोर बसलेला पेशंट यांचा मेळ बसत नाही, मग ते वाचायचे कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी समुपदेशन करते, आणि माझ्या मते मेळ बसतो. त्यासाठी गोव्यात काय झालं ते बघा.

१९९६मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी डिप्रेशनसाठीच्या सीबीटीचे, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचे, भाग सुटे करून तपासले. माणसाला पुन्हा कामात, भेटीगाठींत, आवडीच्या गोष्टींत गुंतवायचं, म्हणजे बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन. तेवढा एक भागही पूर्ण सीबीटीइतकाच लागू पडला. तिथे तो तज्ज्ञांमधला वाद होता. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ मुळातच मोजके, त्यामुळे शिकवायला सोपा उपचार ही फार मोठी गोष्ट.

गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेने मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने नेमकं तेच धरलं. मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना तयार केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पेशंटच्या घरी सहा ते आठ सत्रं. सत्रांचं रेकॉर्डिंग सगळे मिळून ऐकत आणि एकमेकांना गुण देत; मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. २०१७मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के डिप्रेशनमधून बाहेर आले होते, ते न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. उरलेल्या ३६ टक्क्यांनाही विसरू नका. त्यांना पुढे कुठे पाठवायचं, हे आधीच ठरलेलं हवं.

आता तुमच्यापुरतं. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला पीएचक्यू-९, म्हणजे डिप्रेशन किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली, भरून घ्या, पाच मिनिटंही लागत नाहीत. 'मला पेशंट बघूनच कळतं' यावर विसंबू नका. २००५च्या एका अमेरिकी अभ्यासात थेरपिस्टांना ५५० जणांबद्दल अंदाज विचारला होता. तिघांचीच प्रकृती बिघडेल असं ते म्हणाले, प्रत्यक्षात बिघडली ४० जणांची. आकडा दोन-तीन आठवडे हलत नसेल तर सुपरव्हायजरशी बोला, उपचार बदला.

आणि पीएचक्यू-९मधला नववा प्रश्न, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, नुसता बेरजेत धरू नका. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर त्याच भेटीत, थेट शब्दांत विचारा.